बोटांकडून सुरुवात, टाच सगळ्यात शेवटी: तुर्की नक्षीचे लोकरी मोजे

तुर्कस्तानातल्या खेड्यापाड्यांत, विशेषतः सिवासपासून पूर्वेकडे एर्झुरूमपर्यंतच्या थंड पठारावर, विणलेले मोजे ही मिरवायची वस्तू. तिथेही आपल्यासारखेच बूट-चपला दाराशी काढून घरात शिरतात, त्यामुळे पायातला मोजा तळव्यासकट सगळ्यांना दिसतो. मुलीच्या रुखवतात मोज्यांचे जोड असायचे आणि सासरच्या माणसांना भेट म्हणूनही तेच दिले जायचे. म्हणून तर तळव्यापासून पोटरीपर्यंत एक बोटभर जागाही साधी सोडलेली नसते.

एवढी नक्षी पेलायची, तर मोज्याची घडण सोपी लागते. तुर्की मोजा म्हणजे एक सरळ नळी, तिच्या एका टोकाला बोटांचा त्रिकोण आणि मध्येच फुटलेला तसाच दुसरा त्रिकोण म्हणजे टाच. युरोपीय पद्धतीच्या मोज्यात टाचेशी टाके वळवतात, बाजूने नवे उचलतात आणि मग कमी करतात. इथे त्यातलं काहीच नाही. एक त्रिकोण जमला की दुसरा जमलाच, आणि मग सगळं लक्ष दोन रंगांच्या धाग्यांकडे देता येतं. खरी परीक्षा तिथेच असते.

खालची मापं २३.५ सेंमी लांब आणि चवड्याशी २२ सेंमी घेर असलेल्या पायाची आहेत. सुलट-उलट आणि गोल विणणं येत असेल तर पुरे. दोन रंगांची सवय नसली तरी चालेल.

सामान

लोकर बारीक घ्यावी, १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर भरणारी. मोज्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या लोकरीत बहुधा ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं. ती टाचेला टिकते. गडद आणि फिकट असे दोन रंग, प्रत्येकी ६० ग्रॅम. रंग निवडताना मोबाइलवर दोन्ही गुंड्यांचा काळा-पांढरा फोटो काढून बघा. फोटोत दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर नक्षी उठणार नाही, मग प्रत्यक्षात ते लाल आणि हिरवे का असेनात. जुन्या मोज्यांत मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल आणि निळीचा निळा दिसतो. त्यांच्या जोडीला मेंढीचे स्वतःचे रंग असतातच. आक्करामान मेंढीची लोकर पांढरी, मोरकरामानची तांबूस तपकिरी. न रंगवता दोन रंग तयार.

आपल्याकडे लोकरीच्या दुकानात बहुतेक वेळा पुढे येते ती ॲक्रिलिकची 'बेबी वूल'. तिच्यावर हात बसवायला हरकत नाही, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. खऱ्या लोकरीचे टाके धुतल्यावर फुगून एकमेकांना धरतात आणि लहानसहान वेडेवाकडेपणा झाकला जातो. ॲक्रिलिकमध्ये जसं विणलं तसंच राहतं. शिवाय गुळगुळीत फरशीवर हे मोजे घसरतात.

सुया दोन्ही बाजूंना टोकं असलेल्या, पाचचा संच, २.५ मिमी. जुन्या नंबरांच्या हिशेबात १३ नंबर म्हणजे २.२५ मिमी आणि १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी, अडीच मिमी या दोहोंच्या मधली, म्हणून मिमीचा आकडा बघूनच घ्या. २.७५ चा आणखी एक संच लागेल, त्याचं कारण टाचेपाशी येईल. याशिवाय बोथट टोकाची शिवणसुई, आणि लोकरीपेक्षा वेगळ्या, भडक रंगाचा गुळगुळीत सुती दोरा हातभर.

लाल किंवा गडद निळी लोकर असेल तर सुरुवातीलाच तिचा वीतभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून ठेवा. कापडावर डाग उमटला तर ती लोकर पांढऱ्यासोबत वापरू नका. व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो, ही समजूत बऱ्याच जणांना महागात पडते.

टाक्यांचा हिशेब

दोन रंगांत, गोल विणताना १० सेंमीत ३२ टाके आणि ३४ फेऱ्या बसायला हव्यात. एकूण टाके ७०. त्यातले ३५ पायाच्या वरच्या बाजूला, ३५ तळव्याला. प्रत्येक ३५ मधला पहिला आणि शेवटचा टाका काठाचा, तो कायम गडद. उरलेल्या ३३ वर नक्षी. वरच्या बाजूचा शेवटचा काठ आणि तळव्याचा पहिला काठ शेजारी-शेजारी येतात, त्यामुळे पायाच्या दोन्ही बाजूंनी दोन टाके रुंद गडद पट्टी वर चढत जाते. ही पट्टी नुसती शोभेची नाही. गोल विणताना प्रत्येक फेरी जिथे संपते तिथे नक्षी एक पायरी चढते आणि ती जागा तुटल्यासारखी दिसते. फेरीची सुरुवात या पट्टीत ठेवली की ती तूट गडद रंगात लपते.

घेर कमी-जास्त करायचा असेल तर टाके बदलू नका, सुई बदला. याच ७० टाक्यांना १० सेंमीत ३० टाके बसले तर घेर सुमारे २३.३ सेंमी होतो, २८ बसले तर २५. टाके वाढवायचे म्हटले तर नक्षी ८ च्या पटीत असल्यामुळे प्रत्येक बाजूला ८ वाढवावे लागतात, म्हणजे एकदम १६ टाके आणि ५ सेंमी घेर. तेवढा कुणालाच नको असतो.

वेगळा नमुना विणून माप घ्या असं सगळेच सांगतात. या मोज्यात त्याची गरज नाही, बोटांचा त्रिकोण हाच नमुना. ७० टाके पूर्ण झाल्यावर पाच-सहा फेऱ्या विणा, मोजा सपाट ठेवून रुंदी मोजा. ११ सेंमी हवी. १० भरली तर सुई मोठी घ्या, १२ भरली तर लहान, आणि उसवून पुन्हा सुरू करा; गेले तर साडेपाच-सहा सेंमीच गेले.

बोटांची सुरुवात

दोन सुया एकीवर एक अशा समांतर धरा, टोकं उजवीकडे. गडद लोकरीची सरकगाठ खालच्या सुईवर अडकवा. ती टाक्यात मोजायची नाही. आता धागा दोन्ही सुयांच्या मागून वर न्या, वरच्या सुईवरून पुढे आणा, पुढून खाली उतरवा आणि खालच्या सुईखालून पुन्हा मागे. हा एक वेढा. असे ७ वेढे, डावीकडून उजवीकडे, एकमेकांना चिकटून पण न चढता. वेढे आवळू नका. सुया एकमेकींवर सहज सरकल्या पाहिजेत. सातवा वेढा झाला की धागा मागेच असतो.

तिसऱ्या सुईने वरच्या सुईवरचे ७ वेढे सुलट विणा. पहिला टाका विणताना शेवटचा वेढा सुटू पाहतो, म्हणून डाव्या अंगठ्याने दोन्ही सुया दाबून ठेवा. मग काम फिरवून खालची सुई वर आणा, सरकगाठ काढून टाका आणि चौथ्या सुईने खालचे ७ वेढे विणा. एखादा टाका पिळलेला दिसला तर त्याच्या मागच्या पायातून विणा. झाले १४ टाके आणि पहिली फेरी. मध्ये शिवण नाही, भोक नाही, बोटांना टोचणारी कड नाही.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या विणताना चार सुया हातात काट्यांसारख्या रुततात आणि काम सारखं निसटतं. त्यावर उपाय नाही, सहा-सात फेऱ्यांनंतर ते आपोआप सुधारतं. शेवटी एक सैल वेढा उरलेला दिसला तर सुईच्या टोकाने ओढत ओढत त्याचा ढिलेपणा सुरुवातीच्या शेपटीपर्यंत नेऊन बाहेर काढा.

दुसऱ्या फेरीपासून फिकट रंग येतो आणि टाके वाढू लागतात. प्रत्येक फेरीत चार: वरच्या बाजूला पहिल्या टाक्यानंतर एक आणि शेवटच्या टाक्याआधी एक, तळव्याला तसंच. दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून पिळून विणला की नवा टाका होतो. पिळला नाही तर तिथे भोक पडतं. दोन रंगांच्या फेरीत मध्ये दोन आडवे धागे दिसतील, त्यातला गडद उचला.

बोटांवरची नक्षी चौकटीची, एक गडद एक फिकट, आणि पुढच्या फेरीत त्याच्या उलट. दुसरी फेरी अशी: काठ गडद, नवा टाका गडद, मग फिकट, गडद, फिकट, गडद, फिकट, नवा टाका गडद, काठ गडद. तळव्यालाही हेच. तिसऱ्या फेरीपासून मधल्या प्रत्येक टाक्याचा रंग त्याच्या खालच्या टाक्याच्या विरुद्ध. नवा टाका मात्र दर वेळी गडदच येतो. हा सोपा ताळा आहे: नवा टाका फिकट येऊ लागला तर मागच्या फेरीत कुठेतरी चौकट चुकली.

अशा १४ वाढीच्या फेऱ्या, म्हणजे दुसरी ते पंधरावी. पंधराव्या फेरीनंतर ७० टाके. वरचे ३५ दोन सुयांवर १८ आणि १७ असे, तळव्याचे तसेच, आणि पाचवी सुई विणायला. उंची साधारण ४.४ सेंमी. एक फेरी सोडून एक वाढवलंत तर हाच त्रिकोण ८ सेंमी लांब होतो आणि बोटांपुढे रिकामा लोंबतो.

दोन धागे धरायचे कसे

अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, बायका धागा मानेमागून घेऊन विणतात. मानेवरच्या घर्षणाने धागा ताणलेला राहतो आणि डाव्या अंगठ्याने तो नुसता सुईवर टाकायचा असतो. या पद्धतीत उलट टाका सुलटपेक्षा सोपा पडतो. आपल्याला सवय नसेल तर डाव्या हातात गडद आणि उजव्या हातात फिकट धागा धरणं सर्वांत सोयीचं. दोन्ही धागे एकाच बोटावर घेतले तरी चालेल, मात्र त्यांची जागा मोजा संपेपर्यंत बदलायची नाही.

त्याला कारण आहे. उलट्या बाजूला एक धागा नेहमी दुसऱ्याच्या खालून जातो. खालून जाणाऱ्याचा टाका किंचित मोठा पडतो आणि तोच रंग उठून दिसतो. आपली नक्षी गडद आहे, म्हणून गडद कायम खालून, फिकट कायम वरून. अर्ध्यात हे उलटलं तर टाके अचूक असूनही मोज्यावर एक पुसट पट्टा दिसतो आणि तो का आला हे उमगत नाही. धाग्यांना पीळ पडत असेल तर समजा की जागा मधूनमधून बदलते आहे.

दुसरी अडचण जास्त नडते. एका रंगाचे टाके विणताना दुसरा धागा मागून आडवा जातो. तो आवळला गेला की कापड चुरगळतं, घेर कमी होतो आणि मोजा पायात जात नाही. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे शेवटचे आठ-दहा टाके बोटाने पसरवा, मगच नवा रंग विणा. सुईच्या कोपऱ्यावर, म्हणजे एका सुईवरून दुसरीवर जाताना, मागचा धागा सगळ्यात जास्त आखडतो. तरीही आवळतच असेल तर मोजा उलटा करून, उलटी बाजू बाहेर ठेवून, पलीकडच्या सुयांवर विणा. मग मागचा धागा नळीच्या बाहेरून जातो, त्याला लांबची वाट पडते आणि आपोआप पुरेसा सैल राहतो.

पावलावर एका रंगाचे सलग चारपेक्षा जास्त टाके कुठेही येत नाहीत, काठाची पट्टी धरूनसुद्धा. त्यामुळे तिथे मागचा धागा मध्ये अडकवायची गरज नाही. टाचेच्या वर मात्र दोन्ही बाजूंना जाळी असल्यामुळे नक्षीच्या पाचव्या फेरीत काठाशी सहा गडद टाके सलग येतात. त्या जागी, किंवा दुसरी नक्षी घेतलीत आणि सहा-सात टाके सलग आले, तर मधोमध एकदा दोन धागे एकमेकांत अडकवा, नाहीतर मोजा घालताना पायाची बोटं त्या फासात गुंततात.

पावलाची नक्षी

तुर्की विणकामात कोच बोयनुझू म्हणजे एडक्याचं शिंग, चेंगेल म्हणजे आकडा, मुस्का म्हणजे ताईत, एलिबेलिंदे म्हणजे कमरेवर हात ठेवलेली बाई, अशा नक्ष्या आहेत; गालिच्यांवरही त्याच. इथे घेतली आहे ती ग्यॉझच्या, म्हणजे डोळ्याच्या, जातीची: तिरप्या जाळीच्या प्रत्येक घरात एक लहान फुली. दृष्ट लागू नये म्हणून डोळ्यानेच डोळ्याला अडवायचं, हा विचार आपल्याला काही परका नाही. पण सुरुवातीला ही नक्षी घ्यायचं खरं कारण एवढंच की ती डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून सारखीच आहे आणि चूक लगेच दिसते.

आठ टाके, आठ फेऱ्या. ■ गडद, □ फिकट.

१: ■□□■■■□□
२: □■□□■□□■
३: □□■□□□■□
४: ■□□■□■□□
५: ■■□□■□□■
६: ■□□■□■□□
७: □□■□□□■□
८: □■□□■□□■

वरच्या बाजूला: काठ गडद, हे आठ टाके चार वेळा, मग त्या फेरीतला पहिला टाका आणखी एकदा (तेहतिसावा), काठ गडद. तळव्याला बोटांवरचीच चौकट चालू ठेवायची: विषम फेरीत काठानंतर पहिला टाका फिकट, सम फेरीत गडद. तळव्याला बारीक चौकट असण्यात शहाणपण आहे. दर टाक्याला रंग बदलल्यामुळे कापड दुहेरी आणि घट्ट होतं, जिथे झिजतं तिथेच जाड.

आठ फेऱ्यांचं पहिलं आवर्तन संपलं की थांबून मोजा लांबून बघा. जाळीची तिरपी रेघ कुठे एका टाक्याने सरकली असेल तर ती आत्ता दिसेल. एकच टाका चुकीच्या रंगाचा असेल तर उसवू नका. नंतर शिवणसुईने योग्य रंगाचा धागा त्या टाक्यावरून टाक्याच्याच वाटेने फिरवा, कळतही नाही. अख्खी फेरी सरकली असेल तर मात्र उसवण्यावाचून गत्यंतर नाही.

अशी ६ आवर्तनं, म्हणजे ४८ फेऱ्या. टोकापासून १८.५ सेंमी भरतील. दुसऱ्या मापाला हिशेब असा: पायाची लांबी वजा ५ सेंमी झाली की टाचेची जागा आली. आवर्तन अर्धवट राहत असेल तर चौथ्या फेरीनंतर थांबणंही चालतं, कारण पाचव्या फेरीपासून सुरू झालेली जाळीही तितकीच सरळ दिसते.

टाचेची जागा राखून ठेवणे

पुढच्या फेरीत वरचे ३५ टाके नक्षीच्या पहिल्या फेरीप्रमाणे विणा. दोन्ही लोकरी तिथेच सोडा. तळव्याचे ३५ टाके सुती दोऱ्याने सुलट विणा, दोऱ्याची दोन्ही टोकं वीतभर बाहेर ठेवा. आता हे दोऱ्याचे ३५ टाके पुन्हा डावीकडच्या सुयांवर सरकवा आणि लोकरीने त्यांच्यावरून विणा: काठ, नक्षीची पहिली फेरी, काठ. इथून तळवा संपला, मागची बाजू म्हणजे पायाचा मागचा भाग, म्हणून चौकट थांबते आणि दोन्ही बाजूंना तीच जाळी चढते. जुन्या पद्धतीत हे टाके दोऱ्यावर ओवून ठेवतात आणि वर नवे टाके घालून घेतात, परिणाम तोच.

या मोज्याबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार इथली आहे: टाचेवरून चढत नाही. साधं सुलट विणकाम ताणलं की दीडपट होतं. दोन रंगांचं कापड मागच्या धाग्यांमुळे तसं ताणत नाही, आणि टाच ते घोट्याची पुढची घडी हा घेर चवड्यापेक्षा बराच मोठा असतो. म्हणून दोऱ्याची फेरी झाली की २.७५ मिमीच्या सुया घ्या. पाऊल उंच असेल तर ३ मिमी. आवर्तन न बदलता घेर सव्वा ते अडीच सेंमी वाढतो. दहा-बारा फेऱ्या झाल्यावर टाच नसलेली ही नळीच पायात घालून बघा. घोट्यावरून ओढताना आतले धागे कचकचत असतील तर ते सैल करायची वेळ हीच.

वरचा भाग आणि तोंड

घोट्यावर किती चढायचं ते आपली हौस आणि लोकर ठरवेल. ६ आवर्तनं विणली तर पोटरीच्या सुरुवातीपर्यंत मोजा येतो. शेवटी नक्षीची पहिली फेरी एकदा जादा विणा, म्हणजे जाळी वर-खाली सारखी संपते. फिकट धागा तोडा. गडदची एक साधी सुलट फेरी, आणि मग २.५ च्या सुयांवर एक सुलट, एक उलट अशा १२ फेऱ्या. साधी फेरी गाळून थेट उलट टाके घातले तर फिकट रंगाचे ठिपके वर येतात. टाके बंद करताना सुई दोन नंबर मोठी घ्या. तोंड घट्ट बंद झालं तर खाली केलेली सगळी काळजी वाया.

टाच

सुती दोऱ्याच्या खालच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय एका सुईवर ओवत न्या: ३५. तसंच दोऱ्याच्या वरच्या ओळीत. तिथे ३४ च भरतील; टाके उलट्या दिशेने पाहिले की एक कमी होतोच, कडेचा अर्धा टाका उचलून ३५ करा. सगळे टाके सुयांवर आहेत याची खात्री झाल्यावरच दोरा मधोमध कापा आणि टोकाटोकाने काढा. आधी दोरा काढून मग टाके पकडायला जाल तर पळणारे टाके मोजत बसाल.

टाके चार सुयांवर वाटा, दोन्ही लोकरी जोडा. दोन्ही कोपऱ्यांत हमखास भोक दिसतं. पहिल्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यातून एक जादा टाका पिळून उचला आणि दुसऱ्या फेरीत तो शेजारच्या काठाच्या टाक्यासोबत गडद रंगात एकत्र विणा. उरलंसुरलं भोक शेवटी शेपटीने शिवता येतं.

टाचेची नक्षी पुन्हा चौकट, काठ गडद. पहिली फेरी काठानंतर फिकटने सुरू, दुसरी गडदने. तळव्याची चौकट न तुटता पुढे जाते. या दोन फेऱ्या कमी न करता विणायच्या. पाऊल उंच असेल तर चार करा, मोज्याला तेवढीच सुटका मिळते. तिसऱ्या फेरीपासून दर फेरीत चार टाके कमी: काठ, मग दोन टाके एकेक करून सुलट उचलून मागच्या पायांतून एकत्र, चौकट, शेवटच्या काठाआधीचे दोन टाके साधे एकत्र, काठ. एकत्र झालेला टाका दर वेळी गडद येईल. बोटांकडचा ताळा इथेही लागू. अशा १४ फेऱ्यांनंतर दोन्ही बाजूंना ७-७ टाके उरतात.

ते बंद करू नका. बंद केलेल्या टाक्यांची कड टाचेखाली रोज टोचेल. गडद धागा हातभर लांब तोडून शिवणसुईत ओवा आणि दोन्ही सुयांवरचे टाके समोरासमोर धरून, जणू आणखी एक ओळ विणतो आहोत अशा तऱ्हेने शिवून जोडा: पुढच्या सुईवर पहिल्या टाक्यातून सुलट घालून तो उतरवा, दुसऱ्यातून उलट घालून तो राहू द्या; मागच्या सुईवर पहिल्यातून उलट घालून उतरवा, दुसऱ्यातून सुलट घालून राहू द्या. सुरू करताना मात्र एकदाच पुढच्या पहिल्यातून उलट आणि मागच्या पहिल्यातून सुलट धागा घालून ठेवायचा असतो.

डावा-उजवा असा फरक या मोज्यांत नसतो, दोन्ही सारखेच. दुसरा मोजा लगेच सुरू करा. महिनाभर मध्ये गेला की हाताची ओढ बदलते आणि जोडातला एक मोजा बोटभर मोठा निघतो.

धुणं आणि दुरुस्ती

शेपट्या आत ओवून झाल्या की मोजे कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. सपाट पसरून काठाची पट्टी सरळ दोन्ही बाजूंना येईल असे ओढून सावलीत वाळवा. लोकरीचे मोजे असतील तर या एका धुण्याने जाळी एकदम नीटस दिसू लागते. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, ते चपटं होतं आणि पुन्हा उठत नाही.

झिजते ती टाच, आणि ती शेवटी विणलेली असल्यामुळे वेगळी काढता येते. टाचेच्या सुरुवातीच्या फेरीतले ७० टाके आधी सुयांवर ओवून घ्या, त्यांच्या पुढच्या फेरीतला एक टाका कापा, झिजलेला त्रिकोण उसवून टाका आणि नवा विणा. त्यासाठी दोन्ही रंगांची दहा-दहा ग्रॅम लोकर जपून ठेवावी. ती मोज्यांसोबतच धुवत गेलात तर नवी टाच जुन्या मोज्याच्या रंगाला जुळते.